पार्सलची पोच

उमरखेडच्या स्टँडसमोर पुष्पा राठोडचं झेरॉक्सचं दुकान होतं. पाय लांब केले तर रस्त्यावर येतील, एवढंच. आत मशीन, एक जुना कॉम्प्युटर आणि सतत बोलणारी पुष्पा.

ही गोष्ट २००८ सालची. कापसाला भाव नव्हता आणि जवळच्या बंजारा तांड्यातल्या बायकांनी पेट्या उघडायला सुरुवात केली होती. सासूच्या, आजीच्या हातचे कवड्या-आरशांचे घागरे, कांचळ्या, ओढण्या बाहेर निघत. भांडेवाली यायची आणि दोन पातेल्यांवर सगळं घेऊन जायची.

पुष्पानं ते बंद पाडलं. ती त्या कपड्यांचे फोटो इंटरनेटवरच्या लिलावात टाकायची. पुण्या-मुंबईचे लोक बोली लावायचे, कार्डावरून पैसे भरायचे. ते लिलावाच्या कंपनीकडून पुष्पाच्या खात्यात, तिथून बायकांच्या हातात. तांड्यात तिचा रुबाब वाढला होता. लालीबाई तर तिला "आमची मॅडम" म्हणायची, अर्धं कौतुकानं, अर्धं चिडवायला.

तांड्यातल्या म्हाताऱ्या जमनीला पुष्पा याडी, म्हणजे आई, म्हणायची; तिच्या घागऱ्याला सगळ्यात मोठी बोली लागली, नागपूरहून. पैसे भरले आणि त्या माणसाचा फोन आला.

"ताई, रविवारी प्रदर्शन आहे. कुरिअरला चार दिवस लागतील. बसनं पाठवता का?"

यात विचार कसला करायचा? उमरखेडात घाईचं सगळं ड्रायव्हरच्या हाती जातं. औषध, मोटारपंपाचा पार्ट, लग्नपत्रिका. पलीकडचा माणूस स्टँडवर उभा राहतो. पावती कुणी मागत नाही, मागितली तर ड्रायव्हरला राग येतो.

डोंगरसिंग तांड्यातलाच. एका खासगी ट्रॅव्हल्सची नागपूरची गाडी चालवायचा.

"काका, जपून न्या बरं. जमनीयाडीचा घागरा हाय."

"मंग काय नेसून नेऊ?"

संध्याकाळी नागपूरचा फोन आला. "मिळालं, ताई. काय हात आहे हो!" दुसऱ्या दिवशी पुष्पानं जमनीला पैसे दिले.

महिन्याभरानं लिलावाच्या कंपनीचं इंग्रजी पत्र आलं. पुष्पानं दोनदा वाचलं आणि दिलेल्या नंबरवर फोन लावला.

"मॅडम, ग्राहकानं त्याच्या बँकेत तक्रार केली आहे, वस्तू मिळालीच नाही म्हणून," पलीकडची मुलगी म्हणाली. "याला चार्जबॅक म्हणतात. बँकेनं पैसे परत घेतले."

"कोणाकडून?"

"तुमच्याकडून."

"माह्याकडे कुठं हायेत? मी जमनीयाडीले देऊन टाकले!"

"म्हणून तुमचं खातं उणे झालंय. ते भरेपर्यंत तुमच्या बाकीच्या विक्रीचे पैसेही अडकलेले राहतील."

बाकीचे म्हणजे लालीबाईचे आणि आणखी चौघींचे. त्यांचे कपडे कधीच विकून पोचलेही होते.

"पण त्याले भेटलं हो! ड्रायव्हरनं त्याच्या हातात देल्लं."

"कुठलं कुरिअर?"

"डोंगरसिंगकाका."

"हे कंपनीचं नाव आहे का, मॅडम?"

पुष्पाला हसूच आलं.

"कुरिअरची पोच नसेल," मुलगी म्हणाली, "तर गाडीच्या मालकाचं पत्र पाठवा. आम्ही फोन करून खात्री करू. सोमवारपर्यंत."

नागपूरच्या माणसानं एकदाच फोन उचलला. "कोणतं पार्सल? पुरावा आहे का तुमच्याकडे?" आवाज तोच, गोड.

मालकाचं पत्र मागायचं म्हणजे डोंगरसिंगची नोकरी गेलीच. स्वतःच्या खिशासाठी पार्सलं नेतात म्हणून मालकानं दोन ड्रायव्हर काढले होते. पुष्पाला हे ठाऊक होतं. तरी सोमवारी सकाळी तिनं त्याला गाठलं आणि सगळं सांगितलं.

डोंगरसिंगनं खिशातला कंगवा काढून केस सारखे केले. "चाल. मालकाले सांगून टाकू."

"काका, तुमचं काम जाईन."

"पाच घरच्या बायका हायेत न? चाल म्हनतो."

ट्रॅव्हल्सच्या ऑफिससमोर मात्र तो थांबला. "पुष्पा, पान खाऊन येतो. दोन मिनिटं."

तो पानठेल्यावर गेला. त्यानं पान मागितलं नाही. ठेल्याच्या आरशात बघत नुसता उभा राहिला. पानवाल्यानं काही विचारलं, तेही त्याला ऐकू गेलं नाही.

पुष्पा जवळ गेली. "काका, राहू द्या. आत्ताच फोन आला. मिटलं."

"खरं?"

"खरं."

"मंग मले इथवर कायले आनलं वं?"

"पान खायले," पुष्पा म्हणाली. "मीच देतो पैसे."

तो इतका मोठ्यानं हसला की ऑफिसातून मालकानं मान बाहेर काढली.

आठवड्यानं लालीबाई चौघींना घेऊन दुकानात आली. जमनीही मागे होती.

"पुष्पा, आमचे पैसे?"

"अडकले हायेत, बाई."

"कुठं?"

"कंपनीत."

"जमनीचे बरे नाही अडकले! ते तुही मावशी लागते का?"

जमनी पुढे आली. "छोरी, माह्या घागऱ्यापायी झालं का काही?"

पुष्पानं तोंड उघडलं. पार्सल म्हटलं की गाडी आली, गाडी म्हटली की डोंगरसिंग. तांड्यात बोललेलं स्टँडवर पोचायला वेळ लागत नाही, आणि स्टँडवरून मालकाच्या कानावर जायला त्याहून कमी.

"नाही, याडी. तसं काही नाही."

"मंग कसं हाय?" लालीबाईनं टेबलावर हात आपटला. "काहून अडकले, ते त सांग!"

"मले सांगता येत नाही."

"चोराले बी येत नाही."

चौघी लालीबाईमागे बाहेर पडल्या. जमनी दारात घुटमळली, मग तीही गेली.

पुष्पानं शटर अर्धं ओढलं आणि घरी जाऊन पेटीच्या तळातला आपल्या लग्नातला घागरा काढून आणला. आईनं दोन वर्षं टाके घातले होते. दुकानातल्या टेबलावर पसरला तर मावेना, घेर दोन्हीकडून खाली लोंबला. तिनं फोटो काढले. हा कुरिअरनंच जाईल, घेणाऱ्याच्या सहीसकट. याचे पैसे तिच्या हातात येणारच नव्हते. ते आधी जमनीच्या घागऱ्याचा खड्डा भरतील. भरलाच, तर लालीबाईचे सुटतील. लालीबाईला मात्र कधी कळायचं नव्हतं ते कशानं सुटले.

तिनं सुरुवातीची बोली टाकली, जरा कमीच, लवकर जावा म्हणून. आणि बटण दाबलं.