पत्रकामुळे राहिलेल्या दोन तपासण्या

आमच्या घरात छापलेल्या कागदाला मान होता. पप्पा सातपूरच्या कारखान्यात लेथवर होते आणि शिफ्ट सुटताना गेटवर युनियनची पत्रकं वाटायचे. मी वाचायला शिकले ती पत्रकांवरच. पप्पांचा नियम एकच: वाद घालायचा तो छपाईच्या आधी. पत्रक निघालं की ते पाळायचं.

गेल्या वर्षी आमच्या वसाहतीत एक लॅब धडधाकट माणसांना तपासण्यांची पॅकेजेस विकत फिरत होती. मी चिडून पत्रक लिहिलं आणि ते वसाहतीत, कारखान्याच्या गेटवर वाटलं. त्यातलं एक वाक्य होतं, ‘त्रास नसताना दर सहा महिन्यांनी रक्त काढणं ही लूट आहे, नकार द्या.’ ते वाक्य मला फार आवडलं होतं.

मग कळवणहून आत्या आली. हर्पीसच्या विषाणूमुळे तिच्या बुबुळावर पुन्हा पुन्हा जखम व्हायची, म्हणून डॉक्टरांनी तिला वर्षभर रोज गोळ्या दिल्या होत्या. पप्पा हिपॅटायटिस बीसाठी कितीतरी वर्षं रोज गोळी घेतात. जेवण झाल्यावर दोघांनी आपापली पाकिटं काढली.

“दादा, तुझी पण विषाणूचीच गोळी ना? मग तुझं रक्त कशाला काढत्यात? माझा डॉक्टर म्हणला, गरज नाय.”

“माझंही बंद आहे आता. दोन वेळा गेलोच नाही. जुनी चिठ्ठी दाखवली की दुकानदार गोळी देतो.”

“कोणी सांगितलं बंद करायला?” मी विचारलं.

पप्पांनी फ्रिजकडे बोट दाखवलं. चुंबकाखाली माझं पत्रक होतं.

“लय गुणाची हाय तुझी लेक,” आत्या हसली. “बापाचं रक्त वाचवलं.”

मला हसू आलं नाही. पण भीतीबरोबर कुतूहलही होतं. दोघंही विषाणूचीच गोळी घेतात, मग एकाला तपासणी लागते आणि दुसऱ्याला नाही, असं का? आधी हा प्रश्न मला पडलाच नव्हता. सगळ्या तपासण्यांना मी एकाच ओळीत निकालात काढलं होतं.

दुसऱ्या दिवशी पप्पांना त्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. जाताना पत्रक आणि आत्याचे कागदही घेतले.

डॉक्टरबाईंनी पत्रक पूर्ण वाचलं, आत्याचे कागद पाहिले. “पॅकेजबद्दल बरोबर लिहिलंयस,” त्या म्हणाल्या. “आत्याची किडनी चांगली आहे, डोस कमी आहे, तर नेमानं रक्त तपासून हाती फारसं काही लागत नाही. किडनी आधीच कमजोर असती तर मी वेगळं सांगितलं असतं. वडिलांची गोळी वेगळी आहे. ती काही जणांच्या किडनीवर हळूहळू परिणाम करते आणि तेव्हा कुठेच दुखत नाही. शिवाय विषाणू दबलेला आहे की नाही, तेही रक्तातच कळतं.”

“त्रास नसताना,” पप्पा माझ्याकडे न बघता म्हणाले.

रिपोर्ट आला. विषाणू दबलेला होता. क्रिएटिनीन, म्हणजे किडनी मंदावली की वाढणारा रक्तातला आकडा, लॅबच्या मर्यादेत होता. मी सुटकेचा श्वास घेणार, तेवढ्यात बाईंनी जुने रिपोर्ट मागितले. पप्पांनी ते तारखेप्रमाणे टाचून ठेवले होते. वर्षानुवर्षं जवळपास तोच आकडा आणि आता एकदम वर. मला वाटत होतं, मर्यादेत बसलं की संपलं. बाई मात्र पप्पांची तुलना पप्पांशीच करत होत्या.

“हे कधीपासून वाढतंय?” मी विचारलं.

“ते मधल्या दोन रिपोर्टांत दिसलं असतं.”

महिन्यानं पुन्हा रक्त आणि लघवी तपासली. आकडा आणखी वाढला नव्हता, खालीही आला नव्हता. बाईंनी किडनीला कमी त्रास देणारी गोळी लिहून दिली आणि बजावलं, मनानं गोळी बंद करायची नाही, तपासणी चुकवायची नाही.

घरी आल्यावर पप्पांनी फ्रिजवरचं पत्रक काढलं आणि माझ्यासमोर ठेवलं.

“दुरुस्ती काढ.”

“मी तुम्हाला सांगितलं ना, चुकलं माझं.”

“मला सांगितलंस. गेटवर कुणी वाचलं, कुणाला काय रोग, तुला माहीत आहे का?”

मी लिहायला बसले. ‘नकार द्या’ खोडलं आणि वर लिहिलं, ‘कशासाठी, ते विचारा. आकडा बदलला तर औषध बदलणार का, तेही विचारा.’ पप्पांनी चष्मा लावला.

“आता छपाईच्या आधीच वाद घालतो,” ते म्हणाले, आणि पेन मागितलं.