मुरबाडच्या परिषदेत मी गाळलेलं वाक्य

मुरबाडजवळच्या एका कॉलेजात कृत्रिम बुद्धिमत्ता आणि माणूस या विषयावर दोन दिवसांची परिषद होती. मी शहापूरला ज्युनिअर कॉलेजात इंग्रजी शिकवते, म्हणून मला दुभाषी म्हणून बोलावलं होतं. डोळखांबकडच्या एका पाड्यावरची आशा सेविका पाच मिनिटं बोलणार होती आणि बाहेरून आलेल्या पाहुण्यांना ते मी इंग्रजीत सांगायचं होतं. तिच्या फोनात एक ॲप होतं. गरोदर बाईची माहिती भरली की धोका किती त्याप्रमाणे ते हिरवा, पिवळा किंवा लाल रंग दाखवायचं. ते बनवणारी माणसं पहिल्या रांगेत बसणार होती.

शहापूरहून आम्हाला एकाच गाडीतून नेलं. ती चाळिशीची, जरा अबोल. गाडीत एकदाच म्हणाली, "म्याडम, घडलं तेच सांगायचं ना?"

"हो ताई, तुमचा अनुभव सांगा," मी म्हटलं. काय घडलं होतं, ते मी विचारलं नाही.

मंचावर आमच्या मागे मोठा पडदा होता. बोलणाऱ्याचं बोलणं यंत्र आपोआप इंग्रजीत करून त्यावर उमटवणार, अशी योजना होती. मग मी कशाला, असं मला वाटून गेलं होतं. पण ताई बोलायला लागली आणि तिच्या प्रत्येक 'नाय'ला यंत्र हिंदीतला 'नाई', म्हणजे न्हावी समजायला लागलं. पडद्यावर तीनदा 'बार्बर' आलं. सभागृहात हशा पिकला. तिनं पदर सावरला, मागे वळून पाहिलं. आपल्यालाच हसतायत, असं तिला वाटलं असणार. संयोजकांनी पडदा बंद करून मला खूण केली.

ती पुन्हा पहिल्यापासून बोलू लागली. पाड्यावरच्या एका पोरीला आठवा महिना होता. सकाळी बघायला गेली तर पोरीचं तोंड सुजलेलं.

"फोनात सुजेचा प्रश्नच नव्हता. बाकी सगळं भरलं, तर हिरवं आलं. मी बोलले, शहापूरला नेऊ. घरची माणसं बोलली, फोन काय सांगतो? मी बोलले, हिरवं. मंग घरची बोलली, भाताची लावणी चालू हाय, उद्या बघू. मी गप बसले. दुसऱ्या दिवशी तिला झटके आले. पोरगी वाचली, बाळ नाय वाचलं." मग ती म्हणाली, "फोन नसता ना, तर मी भांडले असते. मी आजवर भांडूनच नेलंय बायांना."

सगळे माझ्याकडे बघत होते. पहिल्या रांगेतल्या एका तरुणीच्या चेहऱ्यावर हसू तसंच होतं, कारण तिला अजून काही कळलं नव्हतं. मला कुणीही दम दिला नव्हता. तरी मी घाबरले. मी इंग्रजीत म्हटलं, एका बाईला उपचार मिळायला उशीर झाला, कारण घरच्यांनी आशा सेविकेचं ऐकलं नाही. तंत्रज्ञान उपयोगी आहे, पण कुटुंबांनीही सहकार्य करायला हवं.

टाळ्या वाजल्या. बराच वेळ वाजत राहिल्या.

परतीच्या वाटेवर सापगाव येईपर्यंत ती खिडकीबाहेर बघत होती. मग म्हणाली, "टाळ्या कशाला वाजवल्या त्यांनी?"

"तुमचं बोलणं आवडलं."

"बाळाचं सांगितलं ना तुमी?"

"हो," मी म्हटलं.

त्यानंतरचे काही आठवडे कसे गेले, ते नीट सांगता येत नाही. वर्गात उतारा भाषांतराला द्यायची वेळ आली की मी दुसरंच काही शिकवायला घ्यायचे. शेवटी दिवाळीच्या सुट्टीत डोळखांबला गेले आणि तिथून जीपने पाड्यावर. ती अंगणात नाचणी पाखडत होती. मी उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं. ती सूप तसंच हातात धरून ऐकत राहिली.

"मी तिला सांगितलंय," ती म्हणाली. "त्या पोरीला. मोठ्या लोकांना सगळं कळवलं म्हणून. ती रडली, पण तिला बरं वाटलं. आता काय सांगू तिला?"

आत जाऊन तिनं पाणी आणलं. मग म्हणाली, "लिवा. आता लिवा, माझ्यासमोर."

ओट्यावर बसून मी तिचं सगळं बोलणं फोनवर इंग्रजीत लिहिलं. मी ते गाळलं होतं, हेही लिहिलं. तिनं ते मोठ्यानं वाचायला लावलं. इंग्रजी तिला येत नव्हतं, तरी ती शेवटपर्यंत ऐकत होती. "यात बाळ कुठं आलं?" तिनं विचारलं. मी तो शब्द बोटानं दाखवला. तिनं तो नीट पाहिला आणि मग पाठवा म्हणाली. तिथं रेंज नव्हती. टेकाडावर चढून संयोजकांना पाठवलं.

मग ती मला त्या पोरीच्या घरी घेऊन गेली. मला वाटलं होतं, ताई तिला काहीतरी सांभाळून सांगेल. पण दारातच ती म्हणाली, "त्या दिवशी नाय कळलं त्यांना. या बाईंनी सांगितलंच नाय. आज लिवून पाठवलंय."

पोरगी जेमतेम वीस-एकवीसची होती. तिनं माझ्याकडे पाहिलं, रागावून नाही, पण बराच वेळ. मग बसायला गोधडी टाकली आणि चूल पेटवायला आत गेली. कोरा चहा प्यायलो.

आठ-दहा दिवसांनी संयोजकांचं उत्तर आलं. परिषदेचा अहवाल आधीच छापून झाला होता. तुमची टिप्पणी संबंधितांकडे पाठवत आहोत, असं लिहिलं होतं. मी ताईला फोन करून जसंच्या तसं वाचून दाखवलं.

"टिप्पणी म्हंजे काय?" तिनं विचारलं.

मी अर्थ सांगितला. "बरं," ती म्हणाली आणि फोन ठेवला. त्यानंतर तिचा फोन आला नाही. मीही दोनदा नंबर काढला आणि तसाच ठेवून दिला.