जात्यावरचा बँड

आमच्या बँडचे किस्से सांगायला बसले की चहा गार होतो आणि किस्से उरतातच, म्हणून लिहूनच टाकते. होय, बँड! मी उत्रोलीची, सत्तरी उलटलेली. शाळेत गेले नाही, अक्षरं पिठात बोटानं गिरवून शिकले. नात तेजू भोरच्या कॉलेजात, गिटार वाजवते. ओंकार तिचा ड्रमवाला. आणि जात्यावर मी!

आईच्या ओव्या माझ्याबरोबर सरणावर जाणार, हीच मला धास्ती. तेजू तर मैत्रिणींसमोर दटावायची, "आजी, ती गावठी भाषा नको ना!" मग एकदा तिलाच गाण्याला शब्द सुचेनात. म्हटलं, "माझ्याकडं पोतंभर हायेत. पर हायेत तसंच घ्यायचं!"

*

पहिल्याच प्रॅक्टिसला ओंकार ओरडला, "वन, टू, थ्री, फोर!" माझी मूठ अजून नाचणीच्या टोपलीतच.

"आजी, सुरू करा की!"

"आरं, ओवी मोजून येत न्हाई. मूठ पडली की येती."

आता तो आकडे मोजत नाही. माझ्या मुठीकडं डोळे लावून बसतो. नाचणी जात्यात पडली की धडाम!

*

भोरचे एक निवृत्त सर माझ्या ओव्या लाल पेनानं 'शुद्ध' करून घेऊन आले. मी जात्याचा खुंटा त्यांच्या हातात दिला. "घ्या, तुमची गाऊन दळा!" दोन फेऱ्यांत सर घामाघूम. हल्ली आमच्या कार्यक्रमाला पहिल्या रांगेत बसतात. पेन घरी.

*

कापूरहोळला एसटीची वाट बघत होते. गॅरेजात टेम्पोखाली एक मिशाळ मेकॅनिक गुणगुणत होता. माझ्या आईची ओवी!

"बाबा, कुणाची रं ही?"

"रॉक हाय मावशे. तुमाला न्हाई झेपायचं!"

एसटी आली, गेली. मी तिथंच, छातीवरचा दगड उतरल्यासारखी.

*

आंबवड्याचा कार्यक्रम. भर दुपारी, ऐन ओवीत लाईट गेली. गिटार मुकी, माइक मुका. ओंकारचेही हात थांबले. नुसती जात्याची घरघर. तेजू रडकुंडीला आली. "आजी, थांब ना! सगळे हसतील."

"टोपलीत नाचणी हाय. दळण अर्ध्यात सोडत न्हाईत."

मी मोकळ्या गळ्यानं उचललं, "आडव्या डोंगरानं माझं माहेर झाकलं..."

दुसरी ओळ तेजूची. ती अजून मुका माइकच ठोकत होती. तेवढ्यात मागून तिच्याच कॉलेजच्या मैत्रिणी उठल्या, "उभ्यानं उंबऱ्यात म्या ढगाला इच्यारलं!" मग पोरं. मग अख्खा मंडप.

कुणी हसलं नाही.

अन् लाईट आली. स्पीकर किंचाळला. माझी तेजू भर स्टेजवरून, साऱ्या मैत्रिणींसमोर, ऑपरेटरवर ओरडली, "आरं बंद कर त्यो! आजून नाचणी सरली न्हाई!"