सातबारा विचारणारी भाडेकरू

नोएडाला आमच्या घराच्या वरच्या मजल्यावर एक खोली आहे. मुलगा बेंगळुरूला गेल्यापासून ती आम्ही शिकायला आलेल्या मुलींना देतो. सहा-सात मुली राहून गेल्या असतील, पण खोली बघायला येऊन खोली न बघणारी ही पहिलीच. नळाला पाणी किती वाजता येतं, गीझर चालतो का, मेट्रो किती लांब, काही विचारलं नाही. बैठकीतल्या भिंतीवर आमच्या गावच्या पालखीचा फोटो आहे, खाली गावाचं नाव लिहिलेला, त्याच्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "हे आपल्या गावचे छायाचित्र आहे का?"

मी हो म्हटलं. तिनं लगेच खोली घेतली. वर न जाताच.

मुलगी मॉरिशसची, दिल्लीत एम.ए. करायला आलेली. तिकडे आपली मराठी माणसं आहेत हे मी ऐकून होते. गोऱ्या साहेबाच्या काळात उसाच्या मळ्यात कामाला नेलेली आणि तिथलीच झालेली. पण हिचं मराठी ऐकलं आणि मी सावध झाले. 'काकू, मी महाविद्यालयातून परत आले आहे.' 'कृपया थोडी साखर मिळेल का?' अहो, असं कोण बोलतं? माझा स्वतःचा मुलगा दिल्लीत वाढलेला, तो फोनवर म्हणतो, 'आई, बिल्कुल टाइम नाही यार.' आणि सातासमुद्रापलीकडची ही पोर पुस्तकासारखी बोलते. शाळेत मराठी विषय होता म्हणे. मला वाटलं, शिकवून पाठवलेली दिसते.

तशी राहायला गुणी. सकाळी स्वतःचे कपडे धुऊन गच्चीत वाळत घालायची, बसच्या रांगेसारखे, एकाला एक चिकटून. भाजीवाल्याशी घासाघीस करायची ती मालिका बघून शिकलेल्या हिंदीत, त्यामुळे तो बिचारा 'आप ही बताइए' म्हणून हात टेकायचा. पोहे केले की वास घेत खाली यायची. गणपतीची आरती तिला आमच्याहून जास्त कडवी पाठ. पण माझं आपलं लक्ष होतं. आपल्याला काय कळतं, चांगल्या वागणाऱ्या माणसांपासूनच जपून राहावं लागतं.

दिवाळीनंतरची गोष्ट. मी गच्चीवर पापड बघायला गेले, हिच्या खोलीचं दार उघडं. टेबलावर चौकटीच्या वहीत प्रवासाचा सगळा बेत मांडलेला. निजामुद्दीनहून गाडी किती वाजता, रत्नागिरीला कधी पोचते, तिथून एसटी स्टँड किती लांब, एकटी मुलगी राहू शकेल अशी जागा कुठली. शेजारी महाराष्ट्राचा नकाशा, आणि त्यावर लाल पेनानं गोल. मी चष्मा पुसून बघितलं. गोल आमच्या गावाभोवती.

ताजमहाल नाही, जयपूर नाही. परदेशातून शिकायला आलेली पोर सुट्टीत जाणार कुठं, तर जिथं दिवसाला दोन एसट्या जातात त्या आमच्या गावी. मी खाली येऊन यांना सांगितलं. हे मंत्रालयात चाळीस वर्षं फायली बघितलेले, कशाचं आश्चर्य वाटत नाही. म्हणाले, समुद्र बघायला जात असेल. मी म्हटलं, बेटावरची पोर समुद्र बघायला कोकणात जाईल?

त्याच आठवड्यात ती चहा घ्यायला बसली आणि सहज विचारावं तसं तिनं विचारलं, "काकू, सातबारा कोणाकडे मागावा लागतो?"

मी हातातला चहा खाली ठेवला. ज्यांचं कोकणात काही नाही त्यांना सांगते, सातबारा म्हणजे जमीन कुणाच्या नावावर आहे तो उतारा. आमच्याकडे त्यावरून सख्खे भाऊ बोलायचे थांबतात. आमच्याच घरची केस चुलत घराण्याशी एकोणीस वर्षं चालली. आंब्याची चार कलमं आणि एक पडकी विहीर, एवढ्यासाठी. तारखांना जाऊन जाऊन सासरे गेले, मग धाकट्या दिरांनी ती ओढली. तेच गावी राहतात, घरदार बघतात. हे म्हणतात, कोकणात माणूस जातो, पण सातबाऱ्यावरचं नाव जात नाही.

मी तिला म्हटलं, मला काही त्यातलं कळत नाही. आणि वर हेही सांगितलं की डिसेंबरात गावात कुणी नसतं, सगळे मुंबईला जातात, घरांना कुलपं असतात. साफ खोटं. डिसेंबरात तर गाव भरलेलं असतं. तिनं वहीत काहीतरी खोडलं. मला तेव्हा बरं वाटलं, लिहायला लाज वाटते, पण वाटलं.

दुपारी दिरांना फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "वहिनी, कपाटातली वंशावळ जागेवर आहे ना?"

केसच्या वेळी कोर्टात द्यायला आमच्या घराण्याची वंशावळ काढली होती, मोठ्या कागदावर, फांद्या फांद्यांची. तिची एक प्रत आमच्याकडे, बँकेच्या पासबुकांखाली. ती बाहेर काढायची नाही, पोरीसमोर आजोबा-पणजोबांचं नाव घ्यायचं नाही, असं दिरांनी बजावलं. मी फोन ठेवला आणि पहिल्यांदा तीच बाहेर काढली.

हे आणि मी जेवणाच्या टेबलावर पसरून बसलो. सातबाऱ्याचं विचारलं तेव्हाच मुलीनं तिच्या पूर्वजाच्या नोंदीची नक्कल दाखवली होती, जहाजावर चढवताना लिहून घेतलेली. नाव, बापाचं नाव, गाव, तालुका. आडनाव नाही. मला ती नावं पाठ होती, कारण संशय आला की माझी स्मरणशक्ती सुधारते. यांनी बोट फिरवत फिरवत खापरपणजोबांच्या ओळीवर आणलं. तिथं तीन भाऊ. मधल्याच्या एका मुलाच्या नावाखाली फांदीच नव्हती, नुसतं लिहिलं होतं, 'परागंदा'. म्हणजे गाव सोडून गेला, पुढं पत्ता नाही. मुलाचं नाव तेच. बापाचं नाव तेच.

आता खरं तर मला आनंद व्हायला हवा होता. पण मनात काय आलं सांगू? ही खरोखर भाऊबंद आहे, म्हणजे हिचा खरोखर वाटा निघतो. खोटी असती तर परवडली असती.

"अगं, दाखव तिला," हे म्हणाले. मी वंशावळ घडी घालून परत पासबुकांखाली ठेवली, आणि किल्ली कमरेला.

पंधरा दिवस असे गेले. ती मेट्रोनं जायची यायची, मी तिच्या पिशवीकडे बघायची. मग एका दुपारी तिच्या नावाचं मॉरिशसहून जाड पाकीट आलं. ती कॉलेजातून आली तशी मी ते तिच्या हातात दिलं आणि तिथंच थांबले. वकिलाचे कागद असणार, मला खात्री होती. तिनं माझ्यासमोर फोडलं. आतून लग्नाच्या पत्रिका निघाल्या. तिच्या भावाच्या.

"एवढ्या लांब पत्रिका कशाला पाठवल्या?" मी विचारलं.

"एकच इथे ठेवायची आहे. पहिली," ती म्हणाली आणि पत्रिकेचा वरचा भाग दाखवला. आपल्याकडे पत्रिकेवर सर्वांत वर कुलदैवताचं नाव असतं, अमुक देवी प्रसन्न. तिथं 'श्री' होतं, 'प्रसन्न' होतं, आणि मध्ये मोकळी जागा.

मी म्हटलं, "छापायला विसरले वाटतं."

"नाही काकू. आम्हाला ठाऊक नाही." तिचं ते पुस्तकी मराठी पहिल्यांदा अडखळलं. तिच्या आजोबांच्या लग्नातही जागा मोकळीच होती, वडिलांच्याही. पहिली पत्रिका कुलदैवतापुढं ठेवायची हे त्यांना माहीत, पण देव कुठला ते विसरलेलं. मग ते एक नारळ मांडून त्याच्यापुढं ठेवायचे. आता आजोबा थकले आहेत आणि त्यांनी नातीला सांगितलंय, शिकायला जातेच आहेस तर एवढं विचारून ये. गावात जुन्या घराण्याचा माग सातबाऱ्यावर लागतो असं तिला कॉलेजातल्या कुणी सांगितलं होतं.

आणि मी काय बोलले असेन? इतके दिवस ओठांवर होतं तेच निघालं. "हे बघ, जमिनीतला एक गुंठा कुणी देणार नाही तुला."

तिला गुंठा कळला नाही. यांनी समजावलं. ती आधी गोंधळली, मग हसायला लागली. "काकू, आमचा चौदा एकर ऊस आहे. तोडायला माणसे मिळत नाहीत."

मी कमरेची किल्ली काढली.

तिनं ती वंशावळ पाहिली, 'परागंदा' वर बोट ठेवलं, अर्थ विचारला. मी सांगितला. देवीचं नावही सांगितलं. ते इथं लिहीत नाही, गाव ओळखू येईल, आणि दीर हेही वाचतील. ती ते नाव तीन-चार वेळा हळू बोलली, घास चावून बघावा तसं. पण नाव कळून भागणार नव्हतं, पत्रिका देवीपुढं ठेवायची होती, आणि देवळाची किल्ली दिरांकडे.

दिरांना फोन केला तर ते म्हणाले, "आज देव विचारतेय, उद्या वाटा विचारेल." मी म्हटलं, भाऊजी, मी सोबत येतेय. गुडघ्यांमुळं हे येऊ शकत नव्हते. मग आम्ही दोघी बसलो तिच्या वहीत बेत मांडायला. वेटिंगचं तिकीट, ते रोज ॲपवर बघायचं, एकतीस, सतरा, नऊ. मी खोडायला लावलेल्या ओळी तिनं पुन्हा लिहिल्या आणि का खोडायला लागल्या होत्या ते विचारलं नाही. मी डब्यासाठी तिखटमिठाच्या पुऱ्या करायचं कबूल केलं.

गावी पोचलो. दीर अंगणात खुर्ची टाकून बसलेले, शेजारी दोन माणसं. पाणी दिलं, गुळाचा खडा दिला, सगळं रीतसर. मग दिरांनी खिशातून घडी घातलेला कागद काढला. हक्कसोडपत्र. अमुक गावच्या अमुक घराण्यातील, परागंदा अमुक याच्या पणतूची मी लेक, वडिलार्जित जमिनीत आणि कलमांत माझा काही हक्क नाही, मागणार नाही. ती दोन माणसं साक्षीदार म्हणून बोलावलेली. आधी सही, मग देवळाची किल्ली.

मला इतका राग आला. पण तिनं कागद शांतपणे वाचला, कठीण शब्दांवर थांबत. मग विचारलं, "हे तुम्ही घरच्या माणसांकडूनच घेता का?"

"मग? परक्याकडून कशाला घेईन?" दीर म्हणाले.

तिनं सही केली, मराठीत, शाळेत गिरवतात तशा गोल अक्षरात. देवळात गेलो. तिनं पत्रिकेवरच्या मोकळ्या जागेत पेनानं नाव लिहिलं आणि देवीपुढं ठेवली. गुरवानं कौल लावून देवीला काही विचारलं नाही, फक्त हळद-कुंकू वाहिलं.

परत निघताना ती दिरांजवळ गेली आणि त्या कागदाची झेरॉक्स मागितली. आजोबांना पाठवायची होती. जहाजाच्या नोंदीनंतर गावानं त्यांच्याबद्दल लिहिलेला हा पहिला कागद, असं तिचं म्हणणं. त्यात काय लिहिलंय याच्याशी तिला देणंघेणं नव्हतं, वरची ओळ हवी होती, अमुक घराण्यातील.

दिरांनी कागद पुन्हा खिशात घातला. मला बाजूला घेऊन म्हणाले, "वहिनी, जिनं हक्क सोडला तिला प्रत कशाला लागते?"

मी म्हटलं, भाऊजी, जरा बघू, मला अक्षर लागत नाही, चष्मा गाडीत राहिलाय. त्यांनी दिला. मी त्यांच्याकडे पाठ करून तो उजेडात धरला, माझ्या फोननं त्याचा फोटो काढला आणि कागद परत दिला. एसटी वळणावर आली तेव्हा ते अजून फाटकात उभे होते, खिशावर हात ठेवून.