कापडाची बोलणी

“बघतो म्हणालो. करतो म्हणालो नाही.”

हे सांगताना साहेब समोरच्याच्या मनगटावर हलकेच बोटं टेकवत. आवाज इतका मऊ, की काम झाल्यासारखाच तो माणूस आनंदात घरी जाई आणि बायकोला सांगे, साहेबांनी मनावर घेतलंय. पुढे काहीच घडलं नाही, म्हणजे त्याला वाक्याचा दुसरा अर्धा भाग आठवे. असा एखादा मोठ्या हुद्द्यावरचा माणूस तुमच्याही ओळखीत असेल.

भिवंडीतल्या आमच्या आळीतून कोर्टात, कचेरीत, शाळेत जाणारे पुष्कळ निघाले. दिल्लीला केंद्र सरकारात जाऊन बसलेले मात्र हे एकटेच. मी तेव्हा टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होते. मी त्यांच्याच आळीत राहत असूनही साहेब मला आधी आवाज म्हणूनच माहीत झाले. त्यांच्या घरी फोन नव्हता. रविवारी सकाळी त्यांचा दिल्लीहून ट्रंक कॉल येई आणि त्यांचे धाकटे भाऊ, वसंतराव, इस्त्रीचा शर्ट घालून आमच्याकडे एक्स्चेंजमध्ये येऊन बसत. फोनवर बोलायला इस्त्री कशाला, असं आम्ही मुली आपसात म्हणायचो.

वर्षातून एकदा, गणपतीला, साहेब घरी येत. आमच्या अण्णांनी त्यांना एकदा ओट्यावर बसवून विचारलं होतं, की तुम्ही त्या जिनिव्हाला जाता, तिथं नेमकं करता काय? साहेबांनी सुपारी कातरत सांगितलं, की श्रीमंत देश दरसाल ठरवतात, आपल्याकडून किती कापड घ्यायचं. आपण म्हणायचं, आणखी घ्या. ते म्हणतात, नको.

“म्हणजे मागायचं,” अण्णा म्हणाले.

“मागायचंच. पण मागतोय असं दिसू द्यायचं नाही. पगार त्याचा मिळतो.”

देशोदेशींच्या माणसांशी बोलणी करणारा माणूस म्हणून एकदा आळीतल्या एका मुलीच्या लग्नाच्या बैठकीला साहेबांना मुद्दाम कल्याणला नेलं. साहेब दोन्हीकडच्यांशी इतकं गोड बोलले, की मंडळी हसतखेळत उठली, पोहे झाले, चहा झाला. परत येताना एस.टी.त मुलीच्या काकांच्या लक्षात आलं, की मानपान, कार्यालय, तारीख, काहीच ठरलेलं नाही. पुढच्या आठवड्यात पुन्हा जावं लागलं, साहेबांशिवाय. साहेबांना त्याचं काही वाटलं नाही. बैठक मोडली नाही ना, एवढंच ते म्हणाले. आम्ही बरेच दिवस हसत होतो. आता वाटतं, त्या माणसाचं सगळं आयुष्यच बैठक मोडू न देण्यात गेलं होतं.

वसंतराव अगदी वेगळे. मनात येईल ते तोंडावर. खारबावच्या रस्त्याला त्यांनी पत्र्याच्या शेडमध्ये चार लूम, विजेवरचे माग, टाकले होते. त्या वर्षांत परदेशात सुरकुतलेल्या सुती कापडाची फॅशन आली होती. न इस्त्री केलेलंच घालायचं म्हणे. मुंबईचा एक व्यापारी वसंतरावांकडून तसलं कापड उचलू लागला आणि शेड दोन्ही शिफ्टला धडधडू लागली.

साहेबांना ती शेड फार आवडे. गणपतीत आले की एक सकाळ तिथं जात. एकदा त्यांच्या आईंनी डबा दिला म्हणून मीही बरोबर गेले होते. लूमच्या आवाजात बोललेलं ऐकू येत नव्हतं. साहेब नुसते उभे राहून विणून येणाऱ्या कापडावर तळहात ठेवत होते. इद्रिसचाचा म्हणून एक म्हातारे कारागीर वसंतरावांकडे सुरुवातीपासून होते. त्यांनी बाहेर येऊन चहा मागवला आणि साहेबांना विचारलं, “साहब, ये कपड़ा सचमुच विलायत जाता है?”

“जाता है, चाचा. मैंने वहाँ लोगों को पहने देखा है.”

चाचांनी ते दोनदा म्हणायला लावलं. मग आत जाऊन आवाजावर ओरडून सगळ्यांना सांगून आले.

पुढच्या उन्हाळ्यात साहेब दोन महिने परदेशी होते. परत आल्यावरच्या पहिल्या रविवारी त्यांचा कॉल आला. लाइन फार खरखरत होती. मधेच तुटू नये म्हणून मला हेडफोन कानाला लावून बसावं लागलं. वसंतराव खुशीत होते. सांगत होते, की शेजारची शेड रिकामी होतेय, आणखी आठ लूम मिळतायत, व्यापारी म्हणतोय जेवढं विणाल तेवढं उचलतो. आईच्या पाटल्या मोडाव्या लागतील, पण आई तयार आहे.

“घेऊ ना, दादा?”

पलीकडून काहीच आलं नाही. लाइन गेली असं वाटून मी तपासली. लाइन चालू होती. श्वास ऐकू येत होता.

“दादा, ऐकतोयस ना? घेऊ का?”

“आईचे गुडघे कसे आहेत?” साहेब म्हणाले.

वसंतराव गोंधळले. बरे आहेत म्हणाले. पुन्हा लूमचं विचारलं. तेवढ्यात वेळ संपली, म्हणून नियमाप्रमाणे मी मधे बोलले, “तीन मिनिटं झाली. वाढवायची?”

“वाढवा,” साहेब म्हणाले.

आणि वाढवलेली तीन मिनिटं ते जवळजवळ काहीच बोलले नाहीत. वसंतराव हॅलो हॅलो करत राहिले. शेवटी फक्त एवढं आलं, “तब्येतीला जप.” माझ्या नोकरीत लोक भांडायला, रडायला, मयताची बातमी द्यायला कॉल वाढवून घेताना मी ऐकले. गप्प बसायला कोणी वाढवून घेतलेला तेवढाच. दिल्लीला हवा बदलली असेल, दादा थकलाय, असं म्हणत वसंतराव घरी गेले. आठवड्याभरात त्यांनी लूम घेतले.

गणपतीच्या आधी व्यापाऱ्याने कापड उचलणं थांबवलं. श्रीमंत देशांशी नवा करार झाला होता. हातानं चालवलेल्या मागावरचं कापड हवं तेवढं पाठवा, पण ते हातमागाचंच आहे असा सरकारी शिक्का त्यावर पाहिजे. विजेवरच्या मागाचं कापड ठरावीक वाट्यातच जाणार, आणि तो वाटा मोठ्या गिरण्यांनीच भरलेला. हातमाग कुठला, यंत्रमाग कुठला, हे आजवर कोणी विचारलं नव्हतं. शेडमध्ये ताग्यांवर तागे चढले. बारा लूमची धडधड थांबल्यावर तिथं आसपासच्या झाडांवरची पाखरं ऐकू येऊ लागली. लूम मातीमोल गेले. इद्रिसचाचा जाताना वसंतरावांच्या आईंच्या पाया पडून गेले. त्यांना दुसरीकडे ड्युटी मिळाली की ते गावी परतले, मला कळलं नाही.

गणपतीला साहेब आले. आरतीनंतर आम्ही काहीजण त्यांच्या ओट्यावर प्रसाद घेत होतो. साहेबांनी आपण होऊनच सांगितलं, की शिक्क्याच्या अटीचा मसुदा करणाऱ्यांत ते होते. हातमागालासुद्धा वाट्यात घालायचं समोरच्यांनी धरून ठेवलं होतं. ते सोडवताना यंत्रमाग हातचा गेला. दोन्ही वाचवता येईनात.

वसंतरावांनी हातातली वाटी खाली ठेवली. “म्हणजे त्या रविवारी तुला माहीत होतं.”

“होतं.”

“नुसतं नको म्हणायचंस, दादा. कारण मी विचारलं नसतं.”

“सही व्हायची होती. बाहेर एक शब्द गेला असता तर सगळंच फिसकटलं असतं. तो हातमागवाला...” साहेब थांबले. “आणि तू विचारलं असतंस, वसंता. तू विचारल्याशिवाय राहतोस का?”

ते खरं होतं. वसंतराव ओरडले असते तर बरं झालं असतं. ते उठले, आत गेले आणि आईंच्या ताटाचं बघू लागले. साहेबांनी सवयीने हात पुढे केला होता, बोटं टेकवायला. समोर मनगट नव्हतं. तो हात मग त्यांनी धोतरावर पुसला. कुठल्यातरी दूरच्या गावात हजारो माग त्या शिक्क्यामुळे चालू राहिले असतील. ते साहेबांनी कधी पाहिले नाहीत. जे पाहिलं ते खारबावच्या रस्त्यावरचं कुलूप.

वसंतराव पडघ्याला एका ट्रान्सपोर्टवाल्याकडे कारकून म्हणून लागले. रविवारचे कॉल येत राहिले, पण पुढे पुढे वसंतराव यायचे थांबले. मला सांगावं लागे, पार्टी आलेली नाही. साहेब म्हणत, “असू दे. तुम्हीच सांगा, आळीत काय चाललंय?” नियमात बसत नव्हतं, तरी मी सांगायचे. कोणाकडे बारसं झालं, नळाला पाणी किती वेळ येतं. ते म्हणत, “हं. आणि?” वसंतरावांबद्दल त्यांनी विचारलं नाही, आणि माझीही आपण होऊन सांगायची छाती झाली नाही.

एका डिसेंबरात, निवृत्तीला थोडे महिने उरले असताना, साहेब ऑफिसातच गेले. ती बातमीही माझ्याच बोर्डावर आली. मी हेडफोन मैत्रिणीकडे दिला आणि चालत घरी जाऊन वसंतरावांना सांगितलं. त्यांनी एकच विचारलं, की आता निघालो तर दिल्लीची गाडी मिळेल का. मिळाली, पण पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं. साहेबांचं लग्न झालं नव्हतं. मागे फारसं काही नव्हतंच.

पंधरा दिवसांनी मी सकाळी ड्युटीवर निघाले होते. स्टँडवर वसंतराव पडघ्याच्या एस.टी.ची वाट पाहत उभे होते. अंगात साहेबांचा काळा, जाड, गुडघ्याखाली पोचणारा लोकरीचा कोट होता, बर्फाच्या देशात घालायचा. आपल्या भिवंडीत डिसेंबरातही पंखा लागतो. वसंतरावांच्या कपाळावरून घाम ओघळत होता. लोक बघत होते. मी म्हटलं, “वसंतराव, उकडत असेल.”

“उकडतंय,” ते म्हणाले, आणि वरचं बटण लावून घेतलं.