सायकलीच्या वाटेत सासुरवाडी

फुलचूरचे केशोराव रहांगडाले धानाचा व्यापार करतात आणि हौसेने सुरू केलेली एकही गोष्ट शेवटास नेत नाहीत. हे माझे मत नाही, त्यांच्या पत्नी सुशिलाबाईंचे आहे. मी फक्त शेजारी. पुराव्यादाखल त्या माळ्यावरची बाजाची पेटी आणि मासे नसलेली काचेची पेटी दाखवतात.

एकसष्टाव्या वर्षी केशोरावांनी गिअरची सायकल घेतली आणि जाहीर केले की चार दिवसांत जिल्ह्याला फेरा मारणार. आधी चोरखमाऱ्याचा तलाव, मग आमच्याच जिल्ह्यातला प्रतापगड, आणि परत घर.

"जा," सुशिलाबाई म्हणाल्या. "पन कोनाच्या गाडीत बसून आलात, त सायकल त्याच दिवशी भंगारात."

तीन दिवस सुरळीत गेले. चौथ्या दिवशी प्रतापगडच्या पायथ्यापासून नव्वदेक किलोमीटर उरले होते. पण आदल्या संध्याकाळी केशोरावांनी उत्साहाच्या भरात आपला रस्ता, वेळेसकट, नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला होता. या रस्त्यावर त्यांचे दर दहा किलोमीटरला कोणीतरी लागते. नवेगावला मामेभाऊ पोह्यांची ताटली घेऊन डांबरी रस्त्यावरच उभा. कोहमाऱ्याला साडू. दुपारपर्यंत केशोरावांनी साठ किलोमीटर कापले आणि चार वेळा खाल्ले.

गोरेगावच्या अलीकडे सासुरवाडी. तिथे त्यांनी हेल्मेटखाली तोंडाला रुमाल बांधला, काळा चष्मा चढवला आणि मान खाली घालून पायडल मारले. मेहुणा चुन्नीलाल मोटारसायकल आडवी लावूनच बसला होता.

"भाऊजी, तोंड लपवून कुठं जाऊन राहिले?"

"अंधार होईल रे. जाऊ दे."

"जावई दारावरून उपाशी गेला, त गावात आमी कसं राहाचं जी?"

"उपाशी? पोट पाह्य माझं!"

पण वडे तळून झाले होते. सात खावे लागले, वर तांदळाची खीर. चुन्नीलालच्या बायकोने, प्रेमिलाने, टिळा लावून मानाचा दुपट्टा दिला. केशोराव बाहेर येतात तो चुन्नीलालने सायकल ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत चढवलेली.

"जावयाले कोनी सायकलनं वाटे लावते का? लोकं हासतीन."

"तुझ्या बहिणीची अट आहे बाबा!" म्हणत केशोराव स्वतः ट्रॉलीत चढले आणि सायकल उतरवून घेतली.

चुन्नीलालने डोके खाजवले. "मंग मी मागून येतो. पोचवल्याबिगर नाही राहात."

अशी वीस किलोमीटर मिरवणूक निघाली. पुढे टिळा लावलेले केशोराव, मागे त्यांच्या वेगाने घरघरणारा ट्रॅक्टर, त्यामागे हॉर्न वाजवणाऱ्या गाड्या. गोरेगावच्या बाजारात एकाने विचारलेही, "वरात कोनाची हाय जी?"

साडेपाचला ते फुलचूरला पोचले. सुशिलाबाई फाटकात होत्या. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलेच नाही, रिकाम्या ट्रॉलीकडे पाहिले.

"वाटलंच मले. वळणावर ट्रॉलीतून उतरून सायकलीवर बसले असान."

"बाई, तुई शप्पथ, नाही आले ट्रॉलीत!" चुन्नीलाल ओरडला.

"तू बोलू नको. जावयासाठी तू आपल्या बहिणीशी खोटं बोलशीन." मग नवऱ्याला म्हणाल्या, "उतरा. सायकल भिंतीले लावून ठेवा. भंगारवाला सकाळी येते."

केशोराव उतरेनात. एक पाय जमिनीवर, दुसरा दांडीपलीकडे, दोन्ही हात हँडलवर.

"उतरा म्हनते ना!"

"उतरता येऊन नाही राहिलं," ते हळूच म्हणाले.

सुशिलाबाई जवळ आल्या. त्यांनी एका बोटाने नवऱ्याचा गुडघा दाबला. केशोरावांनी अशी आरोळी ठोकली की समोरच्या घरातले लोक बाहेर आले. सुशिलाबाईंनी दुसरा गुडघाही दाबून पाहिला. तोही तसाच.

"ट्रॉलीत बसून आलेल्याचे गुडघे असे नाही होत," त्या सावकाश म्हणाल्या. "चुन्नी, धर रे त्यांना तिकडून."

चुन्नीलालने आणि मी केशोरावांना उचलून ओट्यावर ठेवले. सायकल सुशिलाबाईंनी स्वतः ढकलत पडवीत नेली, पदराने सीट पुसली आणि कुलूप लावले. केशोरावांनी किल्लीसाठी हात पुढे केला.

"पयले सरळ उभे त राहा," त्या म्हणाल्या आणि तेल गरम करायला आत गेल्या.