सुलभाची तुकडी

ये गं, अशी जवळ बस. दारातूनच हाक मारून पळतेस, शोभतं का तुला? बस. आज सांगतेय ते कुणालाच सांगितलेलं नाही — आमच्या ह्यांना नाही, ते जाईपर्यंत नाही.

ऐंशीच्या पुढचं साल असेल. आम्ही घाटकोपरच्या चाळीत. माझ्या बहिणीची सुलभा मालवणहून शिकायला माझ्याकडे आली होती. ‘तुज्या वांगडा रवान चार अक्षरां शिकात गो,’ म्हणून बहिणीने धाडलेली. मी तिला कमी केलं नाही हं. माझ्या लेकीच्या, नंदाच्या नि तिच्या फ्रॉकला एकच कापड. बांगड्याची मधली तुकडी आधी तिच्या ताटात. मग काय केलं मी? सांगते — थांब जरा.

शाळेत पाचवीला मार्कांवर तुकड्या पाडायचे. हुशार पोरं अ मध्ये, ती तुकडी सकाळची. ड दुपारची. ड म्हणजे — तूच समज. शिपाईसुद्धा ‘ए ड’ अशीच हाक मारायचा.

आणि सुलभा अ मध्ये आली — यादी मी एकटीनेच पाहिलेली. नंदाही आली, पण सुलभाला मार्क जास्त!

चाळीत पाणी फक्त सकाळी यायचं. हे गिरणीत, मी साकीनाक्याला कारखान्यात, पोरी शाळेत — मग भरणार कोण? मी गेले बाईंकडे. म्हटलं, गावची पोर आहे, झेपायचं नाही तिला, ड मध्येच घाला. बाई म्हणाल्या, ‘अहो, नक्की ना?’ मी हो म्हटलं. नंदाला दुपारच्या तुकडीत घाला, असं का नाही आलं तोंडात? माझी होती म्हणून. दुसरं काय!

घरी येऊन सुलभाला सांगितलं, कमी पडलीस गं बाळा. वर डोक्यावरून हात फिरवला — हाच हात.

पुढे एकदा गॅलरीत पोरी शाळा-शाळा खेळत होत्या. नंदा पाढे विचारत होती. सुलभा आपणहून मागे, भिंतीला टेकून. तिचे ओठ हलत होते, आवाज नव्हता. मी म्हटलं, ‘अगं, येतंय ना तुला? मग बोल की!’

‘येतं मावशी. पण ड वाल्यांना येत नसतं.’

हातातलं तांदळाचं सूप तिथेच पडलं. ती गपचूप दाणे वेचायला बसली. तेव्हा बोलायचं होतं ना मी? दुसऱ्या दिवशी सकाळी कामाला निघताना तिला परत नळावर धाडलं. सातवीनंतर ती शाळेतच गेली नाही.

परवा आली होती. पोराला मार्क कमी पडले, तर हसत म्हणते, ‘माझ्यावर गेलाय मेला.’ मी चहा गाळत राहिले.

आता नळाला दिवसभर पाणी असतं. तरी आली की ती आधी बादली लावते.

परत ये गं लवकर. रविवारी ये, तीही असते. तिच्यासमोर मी बडबडत असेनच — पण दुसरंच काहीतरी.